मधला माणूस बाजूला झाला की… (वाचन आणि आपलं स्वातंत्र्य)

खूणचिठ्ठी (धागाकर्ती)

वाचनाने माणूस घडतो, असं आपण सगळेच म्हणतो. घडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला एका बाईंनी दाखवलं. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

मी पूर्वी संध्याकाळी प्रौढ साक्षरता वर्गावर शिकवायला जायचे. वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या विद्यार्थिनीने साठी ओलांडली होती. जोडाक्षरांपर्यंत पोचायला तिला वर्ष लागलं. एके दिवशी ती कापडात बांधलेला पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. भावाची पत्रं. भाऊ जाऊन बराच काळ लोटला होता. प्रत्येक पत्र आलं तेव्हा दिराने तिला वाचून दाखवलं होतं, पुन्हा पुन्हा वाचायला लावून तिने ती पाठच करून टाकली होती. मी म्हटलं, पाठ आहे तेच वाचा, हुरूप येईल.

तिने एक पत्र उलगडलं, ओळीखाली बोट धरलं आणि सुरू केलं. त्यातलं किती वाचत होती आणि किती आठवत होती, देव जाणे. शेवटाशी येऊन बोट थबकलं. मागे गेलं, परत तिथेच येऊन थांबलं. मग पत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बघ गं, मी चुकतेय का." तिथे लिहिलं होतं, "तिथे सुख नसेल तर निघून ये. कुणाला विचारत बसू नकोस. घर तुझंच आहे."

पत्र २२ वर्षांपूर्वीचं होतं. ही ओळ तिच्या कानावर कधी पडलीच नव्हती.

दिराबद्दल ती वाईट बोलली नाही. "चांगला होता तो. सगळं वाचायचा. एवढंच गाळलं," इतकंच म्हणाली. बाकीची पत्रं तिने कापडात बांधली. ते एक मात्र वेगळी घडी घालून पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून मला वाटत आलंय की वाचनाने ज्ञान मिळतं, मनोरंजन होतं, शब्दसंपत्ती वाढते हे सगळं नंतरचं. आधी काय होतं, तर लिहिणारा आणि आपण यांच्यामधला माणूस बाजूला होतो. कुठली ओळ आपल्या कामाची, हे तोवर त्याने ठरवलेलं असतं. मग ते आपण ठरवायला लागतो. माणसाचं स्वतंत्र होणं इथून सुरू होतं, आणि अशी माणसं वाढली की समाजही बदलतो, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं? सहमत नसाल तरी लिहा.

समास

धागा वाचून थोडा वेळ गप्पच बसलो.

मधल्या माणसाची ताकद कशात आहे, हे सत्ता हातात असलेल्यांना फार आधीपासून कळत होतं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने १७४० च्या कायद्यात गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. आधी लिहिण्यावर. कारण गुलामाला मालकाच्या जागेबाहेर जायचं तर जवळ लेखी परवाना लागायचा, आणि ज्याला लिहिता येतं तो आपला परवाना आपणच लिहून निघू शकतो. पुढे १८३० च्या दशकात दक्षिणेतल्या आणखी राज्यांनी वाचायला शिकवण्यावरही निर्बंध आणले.

फ्रेडरिक डग्लस याच काळातला, जन्माने गुलाम. बाल्टिमोरला ज्या घरात त्याला पाठवलं होतं, तिथली मालकीणबाई त्याला मुळाक्षरं शिकवू लागली. नवऱ्याला कळताच त्याने थांबवलं, आणि का थांबवायचं तेही मुलाच्या देखत सांगितलं: हा वाचायला शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. डग्लसने पुढे लिहिलंय की त्याला खरा धडा त्या वाक्याने दिला. मालकाला ज्या गोष्टीची एवढी भीती वाटते, तीच आपली वाट, हे त्याला तिथे उमगलं. पुढचं शिक्षण त्याने रस्त्यावर घेतलं. घरातला पाव खिशात घालायचा, वस्तीतल्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायचा, बदल्यात धडा घ्यायचा. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने भाषणांचं आणि संवादांचं एक पुस्तक विकत घेतलं. त्यात गुलाम आणि मालक यांचा एक संवाद होता. गुलाम वाद घालतो, मालकाचा एकेक मुद्दा खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला मोकळं करतो. आपल्या मनात जे धुमसत होतं त्याला असे शब्द असतात, हे त्याला छापलेल्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

१८३६ मध्ये त्याने पळून जायचा बेत केला, तेव्हा स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी परवाने त्यानेच लिहिले. बेत फसला. १८३८ मध्ये मात्र तो निसटला, आणि १८४५ मध्ये त्याचं आत्मचरित्र निघालं. त्याच्या नावातच "स्वतः लिहिलेलं" असे शब्द आहेत, कारण गुलाम असं लिहू शकतो यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. वाचायला शिकणं हा वर नसून शाप आहे असं कधी कधी वाटायचं, हेही डग्लसनेच लिहून ठेवलंय. आपली दशा दिसू लागली आणि सुटका तर दिसेना. काही दिवस त्याला अडाणी सोबत्यांचा हेवा वाटला. पुस्तकांवर प्रेम करणारे आपण हा भाग वगळून पुढे जातो, आणि तिथे आपणही त्या दिरासारखेच वागतो.

रात्रीची गोष्ट

समास, शेवटचं वाक्य लागलं. कारण ती चूक मी केली आहे, आणि प्रेमापोटी केली आहे.

लेकीला झोपताना एक पुस्तक रोज वाचून दाखवायचे. त्यात एका पानावर म्हातारा कुत्रा मरतो. ते पान मी दोन पानं एकदम उलटून टाळायचे. कित्येक महिने तिच्यासाठी तो कुत्रा जिवंतच होता. पहिलीत गेल्यावर एकदा पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली. थोड्या वेळाने आली, ते पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे तू का वाचलं नाहीस?"

रडली नव्हती. कुत्र्याबद्दल काही बोललीही नाही. तिचा प्रश्न माझ्याबद्दल होता.

त्या दिवसापासून मी तिच्यासमोर पान गाळलेलं नाही. नको असलेलं आलं तर थांबते, सांगते की हे वाचताना मला जड जातंय, आणि मग वाचते.

पाठपोट

+१. प्रतिसाद वाचतोय. धागा निवडक दहात.

उलटतपासणी

दोन्ही-तिन्ही प्रतिसाद आवडले, तरी विरोधाची बाजू मांडतो. तुमच्याशी भांडण नाही. पण इथे सगळेच पुस्तकवेडे असल्याने कुणीतरी हे बोललं पाहिजे.

१० मे १९३३ ला जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. पुढाकार कुणाचा होता? विद्यार्थी संघटनेचा. विद्यापीठात शिकणाऱ्या, वाचणाऱ्या तरुणांचा. बर्लिनच्या होळीपुढे भाषण केलं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने, आणि त्याच्याकडे साहित्याची डॉक्टरेट होती. तो देश त्या काळच्या सर्वांत साक्षर देशांपैकी होता. वाचता येणारा माणूस आपोआप स्वतंत्र होत असता, तर हे घडायला नको होतं.

स्वीडनचं बघा. १६८६ च्या चर्चच्या कायद्याने तिथे प्रत्येकाने वाचायला शिकावं असं ठरवलं, अगदी नोकरमाणसांनी आणि बायकांनीसुद्धा. धर्मगुरू घरोघर जाऊन परीक्षा घ्यायचा आणि कोण कसं वाचतं याची नोंद वहीत करायचा. फार मोठा समाज फार लवकर वाचू लागला. पण कशासाठी? ठरलेली धर्मपुस्तकं वाचण्यासाठी. लिहायला शिकवण्याचा आग्रह तिथे नव्हता. वरून आलेलं उतरवून घ्यायला जेवढं लागतं, तेवढंच. म्हणजे खूणचिठ्ठी, मधला माणूस बाजूला झाला की माणूस मोकळा होतो, हे तुमचं म्हणणं मला अपुरं वाटतं. मधला माणूस कधी कधी पुस्तकातच जाऊन बसतो.

खूणचिठ्ठी (धागाकर्ती)

उलटतपासणी, खरंय, याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. दोन दिवस डोक्यात हेच होतं.

एवढं मात्र सुचलं. एकच पुस्तक वाचणारा आणि दोन पुस्तकं वाचणारा यांच्यात फरक पडतो. पहिलं पुस्तक जे सांगतं ते जगच वाटतं. दुसरं हातात आलं की पहिलं कुणीतरी लिहिलेलं आहे, हे लक्षात येतं. माझ्या वर्गात हे फार ठळक दिसायचं. सुरुवातीला छापलेलं म्हणजे खरंच, अशी सगळ्यांची श्रद्धा असे. मग एकाच घटनेच्या बातम्या दोन वर्तमानपत्रांतून कापून आणल्या आणि शेजारी शेजारी चिकटवल्या. एकीत जमाव "चालून आला" होता, दुसरीत "जमला" होता. त्या दिवशी वर्गात जो गलका झाला तसा पुन्हा कधी ऐकला नाही. एक आजोबा तर रागावले. त्यांचं म्हणणं, मग विश्वास ठेवायचा कुणावर?

पुस्तकं जाळणाऱ्यांना हे दुसरं पुस्तकच नको होतं, असं मला वाटतं. ते वाचनाच्या विरोधात नव्हते, शेजारी ठेवून वाचण्याच्या विरोधात होते. पण ते स्वतःही चार पुस्तकं वाचलेले होतेच, त्यामुळे तुमचा प्रश्न यानेही सुटत नाही, हे मान्य करते.

दुसरी आवृत्ती

लिहिणं आणि वाचणं वेगळं काढलंत ते फार महत्त्वाचं आहे. यावरून राससुंदरी देवी आठवल्या. बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र त्यांचं, 'आमार जीबन'. एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज घरातली सून, बाराव्या वर्षी लग्न झालेली, दिवसभर घरकामात बुडालेली. बाईने वाचलं तर अनर्थ होतो, असं मानणारा तो काळ. 'चैतन्य भागवत' आपण स्वतः वाचावं अशी ओढ त्यांना लागली. घरात ती पोथी होती. त्यांनी तिचं एक पान काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात लपवलं. मुलाने अक्षरं गिरवलेलं एक ताडपत्रही मिळवलं. लहानपणी घरच्या शाळेत कानावर पडलेले अक्षरांचे उच्चार आठवायचे, ताडपत्रावरचं अक्षर बघायचं, तेच पोथीच्या पानावर शोधायचं. उजवा हात कामात आणि डाव्या हातात पदराआड पान. कुणी शिकवणारं नाही, कुणाला विचारायची सोय नाही.

असं त्या वाचायला शिकल्या. लिहिता यायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली. तेही घडलं ते परगावी शिकणाऱ्या मुलाच्या तक्रारीमुळे. मी पत्र लिहितो, तू उत्तर का देत नाहीस, असं म्हणून त्याने कागद, दौत, लेखणी आणून दिली.

वाचणारी बाई घराला कळू न देता वाचू शकते. लिहिणारी बाई कळल्याशिवाय राहत नाही.

ठिपके

मी दृष्टिहीन आहे. मोबाइल स्क्रीन वाचून दाखवतो, तसा हा धागा ऐकतो आहे, आणि उत्तर बोटांनी लिहितो आहे. "मधला माणूस" हा शब्द ऐकला आणि थांबलो. माझं अर्धं आयुष्य त्या माणसाबरोबर गेलं आहे.

शाळेत असताना आम्हाला पुस्तकं वाचून दाखवायला स्वयंसेवक यायचे. भली माणसं. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण कादंबरीत प्रेमाचा प्रसंग आला की एक ताई अडखळायच्या, खोकायच्या आणि "मग काही दिवसांनी" असं म्हणून पुढे जायच्या. पुस्तकात तो "मग काही दिवसांनी" नसायचा. आम्हाला सगळ्यांना कळायचं. कुणी बोलायचं नाही, कारण दुसऱ्याचा वेळ आणि दुसऱ्याचे डोळे आम्ही उसने घेतलेले असायचे. उसन्या डोळ्यांना पुन्हा वाच म्हणायला, हळू वाच म्हणायला, नुसतं थांब म्हणायलाही जीभ रेटत नाही.

म्हणून ब्रेल. लुई ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची ही पद्धत बसवली. त्याआधी अंधांसाठी पुस्तकं नव्हती असं नाही. डोळस लोक वाचतात तीच रोमन अक्षरं कागदावर उठावदार काढलेली असायची. ती पाहणाऱ्याला सुंदर दिसायची आणि बोटाला संथपणे, महाकष्टाने कळायची. शिवाय ती अंधाला लिहिता येत नसत. सहा ठिपके मात्र बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतात, आणि पाटी व टोच्या घेऊन आपणही ते उठवू शकतो. उलटतपासणींचा स्वीडनचा मुद्दा इथे नेमका लागू पडतो. वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकदम हाती आलं म्हणून ब्रेल टिकली. तरीही ब्रेलच्या स्वतःच्या शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, तो वारल्यावर दोन वर्षांनी. शिकवणाऱ्या डोळसांना ती वाचता येत नव्हती, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते मुलांच्या हातात देणं मोठ्यांना जड जातं, असा माझा तर्क आहे.

माझ्याकडे एक ब्रेल कवितासंग्रह आहे. त्यातल्या एका कवितेचे ठिपके आता झिजलेत, शेवटच्या दोन ओळी तर जवळजवळ सपाट झाल्यात. बोट तिथे गेलं की कागद गुळगुळीत लागतो. कुठली कविता, ते सांगणार नाही. माझं पुस्तक हातात घेईल त्याला बोटाने कळेल.

आता ध्वनिपुस्तकं आहेत, स्क्रीन वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं आहेत, मी दिवसभर तीच वापरतो. शिवाय २०१३ चा मराकेश करार आहे. त्याने अंधांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती करताना स्वामित्वहक्काची अडचण बरीच कमी केली, आणि त्याला पहिली मान्यता भारताने दिली. तरी माझं पहिलं खासगी पत्र मी ब्रेलमध्ये वाचलं, तो दिवस वेगळाच होता. तोवर मला आलेलं प्रत्येक पत्र माझ्या आधी दुसऱ्या कुणाला तरी माहीत असायचं.

समास

ठिपके, तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे काही लिहावंसं वाटत नाही. फक्त एक जोडतो. चौथ्या शतकाच्या शेवटी मिलानमध्ये, पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनने बिशप अँब्रोसला वाचताना पाहिलं. डोळे पानावरून फिरताहेत, आवाज मात्र नाही. हे त्याला इतकं वेगळं वाटलं की त्याने ते लिहून ठेवलं आणि कारणाचा तर्कही केला. मोठ्याने वाचलं तर ऐकणारा कुणीतरी अवघड जागेचा अर्थ विचारील, चर्चेत वेळ जाईल, म्हणून बहुधा मनात वाचत असेल. माणसांनी भरलेल्या खोलीत बसून एकटं होण्याची ही युक्ती आज आपल्याला इतकी सवयीची झालीय, की ती कधीकाळी नवलाची होती हे खरं वाटत नाही.

कोरा कागद

सगळ्यांचं म्हणणं पटतंय, पण एकटेपणाचं फारच कौतुक चाललंय. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसाने माणसं मोकळी केल्याचंही एक उदाहरण आहे, आणि ते माझ्या फार आवडीचं आहे.

१८६५ मध्ये क्यूबातल्या हवानाच्या सिगार कारखान्यांत वाचनिकांची प्रथा सुरू झाली. कामगार रांगेने बसून तंबाखूची पानं वळायचे. हात गुंतलेले, पण कान मोकळे. मधोमध उंच जागेवर एक माणूस बसून मोठ्याने वाचायचा. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबऱ्या, राजकीय लेखन. यातले पुष्कळ कामगार निरक्षर होते. या वाचनिकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. काय वाचायचं तेही तेच ठरवायचे, त्यावर मतदान व्हायचं. वर्षभरातच, १८६६ मध्ये, तिथल्या स्पॅनिश राज्यपालाने यावर बंदी आणली. पुढे ही प्रथा क्यूबन कामगारांबरोबर फ्लोरिडात गेली आणि टॅम्पाच्या कारखान्यांत १९३१ पर्यंत टिकली. कामगारांच्या डोक्यात बंडखोर विचार भरतात म्हणून मालकांनी वाचनिक काढले. त्यांच्या जागी रेडिओ आला.

खूणचिठ्ठी, तुमच्या त्या बाईंचा दीर आणि हा वाचनिक, दोघेही मधलेच. पण वाचनिकाने एखादं पान गाळलं तर पुढच्या आठवड्यात त्याची वर्गणी बंद झाली असती. मधला माणूस असण्याने बिघडत नाही. त्याला कुणी नेमलंय आणि काढून टाकायचा अधिकार कुणाकडे आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि कामगार ऐकून गप्प बसत नसत. कामाच्या टेबलांवर त्यावर वाद रंगायचे. मी एकटा बसून वाचलेलं फारसं कुणाशी बोललो नाही, आणि त्यातलं बरंच आज आठवतही नाही.

कपाट क्रमांक ७

मी ग्रंथपाल आहे, तीस वर्षं झाली. नेमकं आणि काढलं याबद्दल मलाही बोलायचंय, कारण मीसुद्धा मधलाच.

मी कामाला लागलो तेव्हा आमची कपाटं कुलूपबंद होती. वाचकाने यादीत शोधायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं, खिडकीत द्यायची, मी पुस्तक आणून द्यायचो. यात एक मोठी मेख आहे. जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस मागणार कसा? आणि जे मागायची लाज वाटते, ते खिडकीत उभं राहून, मागे रांग असताना, कोण मागेल? शरीराविषयी, मानसिक आजाराविषयी, घटस्फोटाच्या कायद्याविषयी पुस्तकं आमच्याकडे होती. त्यांच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के जवळजवळ नव्हतेच.

पुढे मुक्तद्वार झालं. कपाटं उघडली, वाचक आत आले. पहिल्याच महिन्यात ही पुस्तकं हलू लागली. गंमत अशी की बाहेर जात नव्हती, जागा बदलत होती. सकाळी मला ती भलत्याच फळीवर, इतिहासाच्या जाड खंडांमागे सापडायची. कुणीतरी तिथल्या तिथे उभं राहून वाचून जात होतं आणि दुसऱ्या दिवशीसाठी दडवून ठेवत होतं. सहकारी चिडायचा. मी ती मुकाट्याने जागेवर लावायचो, आणि नंतर नंतर लावणंही सोडलं. जिथे ठेवलंय तिथे असू दे, उद्या तो येईल.

काही पुस्तकं चोरीला गेली, तेही खरं. मुक्तद्वाराला विरोध करणारे नेहमी हाच मुद्दा काढतात. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं १९३१ ची, आणि त्यातलं पहिलंच आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. हे काय सांगायला हवं, असं वाटेल. पण एके काळी युरोपात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधलेली असायची. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं साखळ्यांचं ग्रंथालय अजून जपलेलं आहे. साखळी गेली तरी कुलूप राहिलं, कुलूप गेलं तरी खिडकी राहिली.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. एकदा एक वडील आले आणि माझी मुलगी कुठली पुस्तकं नेते ते दाखवा म्हणाले. मुलगी सज्ञान होती. मी नाही म्हटलं. ते वरपर्यंत गेले, मला दोनदा बोलावणं आलं. मी वही दिली नाही. कोण काय वाचतो हे दुसऱ्याला कळणार असेल, तर माणूस वाचतानाच स्वतःला आवरायला लागतो. मग कपाटं उघडी असून काय उपयोग? त्या मुलीला यातलं काही ठाऊक नाही. ती नंतर बरीच वर्षं येत होती.

दुसरी आवृत्ती

काका, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

न वाचता येण्याच्या दुःखाचं आपल्या भाषेतलं उदाहरण राहू नये म्हणून लिहिते. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी, वय चौदा, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. त्यातला एक युक्तिवाद मला अजून चकित करतो. वेद आमचेच, ते दुसऱ्या कुणी पाहायचे नाहीत, असं जर ब्राह्मण म्हणत असतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहितच ठरलो. मग आमचा धर्म कोणता, असा सवाल ती थेट देवाला करते. तीन वर्षं शाळेत गेलेली मुलगी मधल्या माणसाचंच म्हणणं घेते आणि त्याच्यावर उलटवते. आणि हे ती लिहिते, म्हणून आज १७० वर्षांनी आपण तिच्याविषयी बोलतोय.

पाठपोट

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण आता विचारावंसं वाटतंय. मी हल्ली पुस्तकं पूर्ण वाचत नाही. यंत्राकडून दहा ओळींचा सारांश घेतो, वेळ वाचतो, आशय कळतो. इथलं सगळं वाचून अस्वस्थ झालोय. हे चुकतंय का?

कोरा कागद

वेळ वाचतो हे खरंय आणि कामाच्या कागदांसाठी मीही सारांश घेतो. पण भावाच्या त्या पत्राचा सारांश काय झाला असता? "सगळे खुशाल आहेत, पाऊस बरा झाला, तुझी आठवण येते." त्यात काहीच खोटं नाही. दिरानेही तोच सारांश सांगितला होता.

वाचनिकाची गोष्ट सांगताना मी म्हटलं होतं, त्याला नेमलंय कुणी ते बघा. यंत्र तुम्ही नेमलंय, म्हणून काढूही शकता. अधूनमधून मूळ पान उघडून बघत जा, काय गाळलं ते. तेवढं केलंत तरी खूप.

उलटतपासणी

मी माझी शंका मागे घेत नाही, पण ती आता बदललीय. वाचनाने माणूस भला होतो का, हे मी विचारत होतो. इथे कुणी तसा दावा केलेलाच नाही, हे उशिरा लक्षात आलं. दावा एवढाच की त्याला स्वतःचं ठरवता येतं. काय ठरवेल, याची हमी पुस्तक देत नाही. हे मला पटतं, आणि थोडं भीतीदायकही वाटतं.

रात्रीची गोष्ट

खूणचिठ्ठी, त्या बाईंचं पुढे काय झालं? भाऊ तर नव्हता ना राहिला.

खूणचिठ्ठी (धागाकर्ती)

भाऊ नव्हता. भावाची मुलगी होती, लग्न होऊन दुसरीकडे गेलेली. तिचा पत्ता मिळवायलाच दोन महिने गेले.

मग बाईंनी तिला पत्र लिहायला घेतलं. आंतरदेशीय पत्रावर लिहायचं होतं, पण आधी वहीत चार संध्याकाळी कच्चं लिहिलं. वर्ग सुटला तरी बसायची. वही डाव्या हाताने झाकून लिहायची, परीक्षेत मुलं लिहितात तशी. पाचव्या दिवशी म्हणाली, झालं. मी सवयीने हात पुढे केला. म्हटलं, द्या, ऱ्हस्व-दीर्घ बघून देते.

तिने वही मिटली. "नको. चुकलं असलं तरी तिला कळेल."

मी तिला फक्त पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा ते दाखवलं. डिंकाची कड ओली करून तिनेच घडी चिकटवली आणि नीट दाबून बसवली. टपालपेटी वर्गाच्या दाराबाहेरच होती. पत्र आत टाकल्यावर ते खाली पोचलं की नाही हे बघायला तिने फटीत बोटं घालून पाहिली.

त्यात काय लिहिलं होतं, मला माहीत नाही.